घरं बांधायला विरोध आणि मतपेटी: इंग्लंडमधल्या राजकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात नव्याने स्थायिक झालेले मराठी लोक मला हे प्रश्न सतत विचारतात. त्यातले काही भाड्याच्या घराला कंटाळलेले असतात, तर काहींनी नुकतंच घर घेतलेलं असतं आणि मागच्या शेतात चारशे घरं येणार हे कळल्यावर त्यांचं धाबं दणाणलेलं असतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा हा एकच माणूस असतो, मधे फक्त तीन-चार वर्षं गेलेली असतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे इथे फक्त इंग्लंडबद्दल.

जमीन मालकाची, पैसा बिल्डरचा. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि मतांचा संबंध येतोच कुठे?

संबंध येतो १९४७ च्या कायद्यामुळे. त्या वर्षीच्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टने जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क मालकाकडून काढून घेतला. जमीन तुमची असली तरी तिच्यावर काय बांधायचं, याची परवानगी काउन्सिलकडून घ्यावी लागते. शिवाय नकाशात पट्टा पिवळा की हिरवा एवढ्यावर हा निर्णय होत नाही. प्रत्येक मोठा अर्ज वेगळा तपासला जातो आणि वादाचा असेल तर नगरसेवकांच्या प्लॅनिंग कमिटीपुढे येतो. हे नगरसेवक निवडून आलेले असतात आणि त्यांचा वॉर्ड दोन-चार हजार घरांचा. स्थानिक निवडणुकीत मतदान साधारण एक तृतीयांश होतं. अशा वॉर्डात चिडलेली दोनशे माणसं उठून मतदान केंद्रावर गेली की निकाल फिरतो.

एवढं गणित कळलं की पुढचं सगळं राजकारण उलगडतं.

विरोध करणारे सगळे स्वार्थीच का?

नाही. आणि हे मी विरोधकांच्या बाजूचा नसूनही सांगतो.

आमच्या काउन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीच्या बैठकीत एकदा मागच्या रांगेत बसलो होतो. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि समोर टायमर असतो. एक आजी कागद घेऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला सकाळी आठला फोन लावून बसावं लागतं, मागची दोनशे घरं झाली तेव्हा नवा दवाखाना देऊ म्हणाले होते, त्या जागेवर अजून गवतच आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. टायमर वाजायच्या आत त्या खाली बसल्या. त्यांचं म्हणणं कोणालाच खोडता आलं नाही. बिल्डर रस्ता, शाळा यांसाठी पैसे देण्याचा करार करतो, त्याला कलम १०६ चा करार म्हणतात. पण पैसे मिळाले तरी डॉक्टर कुठून आणणार? दवाखाना चालवणं काउन्सिलच्या हातात नसतं.

त्यांच्यानंतर बोललेल्या गृहस्थांचा मुद्दा मात्र आपल्या खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली जाईल हा होता. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. विरोधाची पंचाईत हीच आहे, खरी अडचण आणि घराच्या किमतीची काळजी एकाच माइकवरून बोलतात. त्यांना वेगळं करणं नगरसेवकाला परवडत नाही, कारण मत दोघांनाही आहे.

चेशमच्या पोटनिवडणुकीचं नाव नेहमी निघतं. तिथे काय झालं होतं?

चेशम अँड ॲमर्शम हा लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅमशरमधला मतदारसंघ. मेट्रोपॉलिटन लाइन तिथपर्यंत जाते, भोवती चिल्टर्न टेकड्या आणि ग्रीन बेल्ट (शहरं पसरू नयेत म्हणून बांधकामापासून राखलेला पट्टा) आहे, घरांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या. १९७४ साली मतदारसंघ तयार झाला तेव्हापासून तो हुजूर पक्षाकडे होता. २०१९ मध्ये शेरिल गिलन तिथून १६,२२३ मतांच्या आघाडीने निवडून आल्या होत्या. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १७ जूनला पोटनिवडणूक झाली.

तिची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने नियोजनाची सगळी पद्धत बदलण्याचा आराखडा मांडला होता. देशाच्या जमिनीची वाढ, नूतनीकरण आणि संरक्षण अशी विभागणी करायची आणि वाढीच्या क्षेत्रात नियमात बसणाऱ्या बांधकामाला तत्त्वतः आपोआप मंजुरी द्यायची, अशी ती योजना. गृहनिर्माणाचं खातं रॉबर्ट जेनरिक यांच्याकडे होतं आणि उद्दिष्ट वर्षाला ३ लाख घरांचं. त्याच सुमारास कुठल्या काउन्सिलने किती घरं बांधायची हे ठरवणारं नवं सूत्रही पुढे आलं. त्यात दक्षिण इंग्लंडातल्या गावांवर मोठे आकडे पडले आणि हुजूर पक्षाचे स्वतःचेच खासदार खवळले.

लिबरल डेमोक्रॅट पक्षाने हे बरोबर हेरलं. दारोदार पत्रकं टाकली, त्यांवर त्यांचा ठरलेला स्तंभालेख: इथे लढत फक्त आमची आणि त्यांची, बाकीच्यांना मत म्हणजे वाया. मजूर पक्षाच्या मतदारांनी ते मनावर घेतलं. निकाल लागला तेव्हा सारा ग्रीन यांना २१,५१७ मतं होती, हुजूर पक्षाच्या पीटर फ्लीट यांना १३,४८९. आघाडी ८,०२८ ची. मजूर पक्षाच्या वाट्याला आली ६२२ मतं. दुसऱ्या दिवशी लिबरल डेमोक्रॅटांचे नेते एड डेव्ही यांनी निळ्या (हुजूर पक्षाचा रंग) विटांची खोटी भिंत नारिंगी (त्यांच्या स्वतःच्या पक्षाचा रंग) हातोड्याने पाडून दाखवली आणि वर्तमानपत्रांना फोटो मिळाला.

म्हणजे घरांच्या विरोधामुळेच हुजूर पक्ष हरला?

असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, आणि जे सांगतात त्यांचा त्यात काही ना काही फायदा असतो.

त्या भागातून एचएस टू ही वेगवान रेल्वे जाते. टेकड्यांखालून बोगदा, गावाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं ट्रकांची ये-जा, आणि तिथे एकही स्टेशन नाही. लोकांचा राग अनेक वर्षं साठलेला होता. शिवाय ब्रेक्झिटच्या सार्वमतात या मतदारसंघाने युरोपात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता. त्यात पोटनिवडणुकीत सरकार बदलत नाही, त्यामुळे लोक मोकळेपणाने हात चालवतात.

आणि एक विसंगती. जेनरिक यांच्या आराखड्यात ग्रीन बेल्ट आणि चिल्टर्नसारखे निसर्गरम्य भाग संरक्षित क्षेत्रातच राहणार होते, म्हणजे तिथल्या बहुतेक शेतांना त्याची झळ बसणार नव्हती. पण पत्रकात हे बारकावे मावत नाहीत. लोकांनी मत दिलं ते 'वरून कोणीतरी आपल्याला न विचारता ठरवणार' या भीतीवर. माझ्या मते ती भीती खरी होती, फक्त तिचा पत्ता चुकला होता.

पण परिणाम तर झाला ना?

झाला, आणि फार मोठा. मतांची कारणं काहीही असोत, खासदारांनी धडा एकच घेतला: घरांना हात लावला की सीट जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात राणीच्या भाषणात, म्हणजे सरकार आपले येऊ घातलेले कायदे संसदेत जाहीर करतं तेव्हा, प्लॅनिंग बिल जाहीर झालं होतं, ते पुढे आलंच नाही. सप्टेंबरमध्ये जेनरिक यांचं मंत्रिपद गेलं आणि मायकेल गोव्ह आले. त्यांनी नंतर वेगळा कायदा आणला, त्यात जमिनीची ती तीन क्षेत्रं नव्हती. २०२२ च्या अखेरीस थेरेसा व्हिलियर्स आणि बॉब सीली यांच्यासह पक्षाचे साठ-एक खासदार बंडाच्या पवित्र्यात उभे राहिले. गोव्ह यांनी माघार घेतली आणि काउन्सिलांना दिलेले घरांचे आकडे सक्तीचे न राहता सल्ल्यापुरते राहिले. अनेक काउन्सिलांनी कुठे किती घरं बांधायची याचे आपले आराखडे लगेच थांबवले. ३ लाखांचं उद्दिष्ट त्या सरकारला एकाही वर्षी गाठता आलं नाही.

याचा उत्तरार्ध जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पाहायला मिळाला. व्हिलियर्स पडल्या, सीलीही पडले. राष्ट्रीय लाटच उलटी होती, त्यामुळे त्यांच्या पराभवाचा घरांशी संबंध जोडणं चुकीचं ठरेल. मात्र घरं अडवली म्हणून सीट वाचते, हा समज तेवढ्यापुरता तरी निकालात निघाला. सारा ग्रीन मात्र पुन्हा निवडून आल्या.

स्थानिक निवडणुकीत विरोधक थेट सत्तेत आले असं कुठे झालंय?

झालंय, आणि एकाहून अधिक ठिकाणी. एप्सम अँड यूअल इथे तर १९३७ पासून रहिवासी संघटनाच काउन्सिल चालवतात. २०१९ मध्ये गिल्डफर्डला हुजूर पक्षाच्या काउन्सिलने ग्रीन बेल्टमधल्या जागा खुल्या करणारा आराखडा मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी मंजूर केला. ४८ पैकी ३५ जागा असलेला पक्ष ९ वर आला आणि 'गिल्डफर्ड आणि खेड्यांसाठी रहिवासी' या नव्या गटाने १५ जागा पटकावल्या. (ब्रेक्झिटच्या गोंधळामुळे त्या मे महिन्यात हुजूर पक्षाने इंग्लंडभर १,३०० हून अधिक जागा गमावल्या, हेही लक्षात ठेवा.)

पण खरं शिकण्यासारखं उदाहरण अटल्सफर्डचं.

एसेक्सच्या वायव्य कोपऱ्यातलं हे काउन्सिल. सॅफ्रन वॉल्डन, ग्रेट डनमो ही गावं आणि स्टॅनस्टेड विमानतळ याच भागात. हुजूर पक्षाच्या आधीच्या काउन्सिलने तीन नव्या 'गार्डन' वसाहतींचा आराखडा आखला होता. मे २०१९ मध्ये 'रेसिडेंट्स फॉर अटल्सफर्ड' या स्थानिक पक्षाने ३९ पैकी २६ जागा जिंकल्या. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या इन्स्पेक्टरांनी वसाहतींच्या त्या आराखड्यावर गंभीर आक्षेप घेतले आणि एप्रिलमध्ये काउन्सिलने तो मागे घेतला. आता नव्याने, नीट करू, असं ठरलं.

दरम्यान काय झालं पाहा. इंग्लंडमध्ये काउन्सिलकडे अद्ययावत आराखडा नसेल, किंवा पुढच्या पाच वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन ठरवून ठेवलेली नसेल, तर तराजू बिल्डरच्या बाजूने झुकतो. अर्ज नाकारायला मग फार भक्कम कारण लागतं. अटल्सफर्डचा अमलात असलेला आराखडा २००५ सालचा होता. बिल्डरांना हे कळायला किती वेळ लागणार? गावाच्या कडेचं एक शेत, त्यापलीकडचं दुसरं, असे सुटे सुटे अर्ज येत राहिले. काउन्सिल नाकारायचं, बिल्डर अपील करायचा आणि जिंकायचा. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कामगिरीचा ठपका ठेवून बिल्डरांना मोठे अर्ज काउन्सिलला वगळून थेट प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अपिलं ऐकणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाकडे, नेण्याची मुभा दिली.

घरं झाली ती झालीच. नव्या वसाहतीबरोबर एखादी शाळा, एखादी बसची फेरी पदरात पडण्याची शक्यता तरी असते. सुट्या शेतांत उगवलेल्या साठ-सत्तर घरांच्या गृहप्रकल्पांना ती गळ्यात मारता येत नाही.

मग २०२३ च्या काउन्सिल निवडणुकीत लोकांनी या रहिवासी पक्षाला घरी बसवलं असेल?

नाही, बहुमताने परत निवडून दिलं. मतदाराचा राग घरं मंजूर करणाऱ्या इन्स्पेक्टरवर होता आणि इन्स्पेक्टरला मतपत्रिकेवर जागा नसते. बरेच नगरसेवक याच हिशेबाने चालतात. अधिकाऱ्यांनी मंजुरीची शिफारस केलेला अर्ज नाकारायचा, अपिलात हरायचं, आणि पाप ब्रिस्टलला बसलेल्या इन्स्पेक्टोरेटच्या माथी मारायचं. अपिलाचा खर्च काउन्सिलवर बसला तर तो अर्थातच तुमच्या-आमच्या खिशातून जातो.

असा मतदार संसदेच्या निवडणुकीतही पक्ष बदलतो का?

सहसा नाही. अटल्सफर्डचाच दाखला घ्या. मे २०१९ मध्ये तिथल्या लोकांनी हुजूर पक्षाला काउन्सिलमधून हाकललं आणि त्याच डिसेंबरमध्ये सॅफ्रन वॉल्डन मतदारसंघातून त्याच पक्षाच्या केमी बेडनॉक यांना २७ हजारांहून अधिक आघाडीने संसदेत पाठवलं. सात महिन्यांचं अंतर आणि मतदार बहुतांशी तेच. काउन्सिलला मत देताना माणूस आपल्या गल्लीचा असतो, संसदेला देताना ब्रेक्झिट, कर आणि पंतप्रधान कोण हे बघतो.

संसदेच्या पातळीवर घरांचा विरोध चालतो तो तीन गोष्टी जुळल्या तर: पोटनिवडणूक असेल, विरोधी मतं एकवटणारा एकच पक्ष असेल, आणि त्या पक्षाला मत देताना हात थरथरणार नसेल. चेशममध्ये तिन्ही जुळल्या.

लिबरल डेमोक्रॅट मग घरांच्या विरोधातला पक्ष आहे का?

गावात विरोधात, कागदावर बाजूने. २०२३ च्या बोर्नमथ अधिवेशनात पक्षनेतृत्वाला वर्षाला ३ लाख ८० हजार घरांचं राष्ट्रीय उद्दिष्ट काढून टाकायचं होतं. तरुण सदस्यांनी ते हाणून पाडलं आणि उद्दिष्ट कायम राहिलं. इतर दोन पक्षांचंही फार वेगळं नाही. घरं हवीत याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं, मतभेद फक्त पत्त्यावर असतो.

मजूर पक्षाने उलट वाट धरली ना?

धरली. २०२४ च्या जाहीरनाम्यात पाच वर्षांत १५ लाख घरांचं वचन दिलं आणि सत्तेत आल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये काउन्सिलांचे आकडे पुन्हा सक्तीचे केले. सगळ्या काउन्सिलांची बेरीज वर्षाला ३ लाख ७० हजारांच्या आसपास जाते. ग्रीन बेल्टमधल्या उकिरडा झालेल्या, बंद पेट्रोल पंप छापाच्या जागांना 'ग्रे बेल्ट' म्हणून वेगळं काढलं. ही हिंमत कुठून आली? मजूर पक्षाचे मतदार शहरांत जास्त, भाडेकरू जास्त. २०२४ पूर्वी ग्रीन बेल्टच्या गावांत त्यांच्याकडे गमावण्यासारखं फारसं नव्हतंच. त्या निवडणुकीत तिथल्याही काही सीट हाती लागल्या, त्यामुळे खरी परीक्षा पुढच्या निवडणुकीत.

ज्यांना घर हवंय ते मतदान करून हा विरोध का मोडत नाहीत?

कारण ते तिथे नसतात. ज्या शेतात घरं येणार, तिथे राहायला येणारं कुटुंब आज वीस मैलांवर कुठल्या तरी फ्लॅटमध्ये भाडं भरत असतं. त्याचं मत त्या वॉर्डात नसतं. तिथे आपणच राहायला जाणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, कारण घरच अजून बांधलेलं नाही. समोरच्या बाजूला चारशे ओळखीचे चेहरे, नावानिशी, पोस्टरसकट. त्यात भाडेकरू वारंवार घर बदलतात, मतदार यादीत नाव घालायचं राहून जातं, मतदानही घरमालकांपेक्षा कमी करतात. इंग्लंडात साधारण दोन तृतीयांश कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. निवडणूक जिंकू पाहणाऱ्याला हा आकडा पाठ असतो.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात आणि गोव्यात, असं होतं का?

गोव्यातला २००६-०७ चा लढा या जातकुळीतला. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या 'रीजनल प्लॅन २०११' मध्ये शेतं, डोंगरउतार आणि बागायती जमिनी बांधकामाला खुल्या झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, ग्रामसभा तापल्या, आणि २००७ च्या सुरुवातीला काँग्रेस सरकारने आराखडाच मागे घेतला. जूनमधल्या विधानसभा निवडणुकीनंतर सरकार पुन्हा काँग्रेसच्याच नेतृत्वाखाली आलं, दिगंबर कामत मुख्यमंत्री झाले. आराखडा वेळेत मागे घेतला म्हणून वाचले, असं म्हणायला जागा आहे.

मुंबईत मुलुंडला २०२४ मध्ये धारावीकरांच्या पुनर्वसनाला विरोध झाला, पण तिथे महायुतीचा आणि महाविकास आघाडीचा, दोघांचेही उमेदवार विरोधातच होते. सगळेच 'नको' म्हणत असतील तर मतदाराने त्या मुद्द्यावर निवडायचं कोणाला?

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. मला इथे मत देता येतं का?

हो! हे कित्येकांना दहा-दहा वर्षं माहीत नसतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला काउन्सिल आणि संसद, दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. वय १८ पूर्ण हवं आणि यादीत नाव हवं. नोंदणी ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत होते. मतदान केंद्रावर ओळखपत्र लागतं, तिथे तुमचा निळा भारतीय पासपोर्ट चालतो. मतदान गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, त्यामुळे ऑफिसची सबब चालायची नाही.

घरामागे प्रकल्प येतोय आणि मला हरकत, किंवा पाठिंबा, नोंदवायचा आहे. काय लिहू?

अर्जाची नोटीस दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली असते. तिच्यावरचा संदर्भ क्रमांक काउन्सिलच्या वेबसाइटवर टाका, साधारण २१ दिवसांची मुदत मिळते. नागरिकत्वाची अट नाही, भाडेकरूलाही लिहिता येतं.

घराची किंमत पडेल, खिडकीतला देखावा जाईल, बिल्डर लबाड आहे, हे तीन मुद्दे लिहू नका. कायद्याने ते विचारातच घेतले जात नाहीत. रस्त्याची सुरक्षितता, पुराचं पाणी, सांडपाण्याची क्षमता, तुमच्या घरातला उजेड आणि खासगीपणा हे धरले जातात. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवण्यापेक्षा चार जणांनी आपापला अनुभव तारखेसह लिहिलेला बरा.

पाठिंब्याचं पत्रही लिहिता येतं, हे बहुतेकांना सुचतच नाही. मी एकदा लिहिलं. अर्जाच्या पानावर हरकतींची रांग होती आणि पाठिंब्याच्या रकान्यात माझ्यासकट तीन. त्यातलं एक पत्र जमीनमालकाच्या भावाचं होतं, हे बैठकीत कळलं.